एमेन्टाल : गवत, अखंड शेत आणि हातातून निसटलेले नाव

स्वित्झर्लंडमधील बर्न प्रांताच्या पूर्व भागात एमे नदीचे खोरे आहे. ‘एमेन्टाल’ या नावाचा अर्थही तोच, एमेचे खोरे. बर्फाच्छादित शिखरांचा हा प्रदेश नव्हे. आल्प्सच्या पायथ्याशी दाटीने उभ्या असलेल्या हिरव्या टेकड्यांचा आहे. पूर्वेकडील नाप्फ डोंगराची उंची सुमारे 1,400 मीटर. नदीच्या गोट्यांपासून घडलेल्या त्याच्या पिंडाश्म खडकात ओढ्यांनी खोल, अरुंद घळी कोरल्या आहेत. पाऊस भरपूर आणि उतार तीव्र असल्याने नांगरापेक्षा गवताला ही जमीन अधिक मानवते. एमे मात्र लहरी नदी आहे. ऑगस्ट 1837 मधील तिच्या महापुरावर ल्युट्झेलफ्ल्यूचे पाद्री व कादंबरीकार येरेमियास गॉटहेल्फ यांनी पुढच्याच वर्षी पुस्तक लिहिले.

येथील वस्ती विखुरलेली आहे. प्रत्येक शेतकऱ्याचे घर आपल्या जमिनीच्या मधोमध असते आणि जमिनीकडे झुकलेल्या एकाच प्रचंड छपराखाली माणसे, गुरे व वैरण नांदतात. शेजारी ‘श्ट्योक्ली’ नावाचे लहान घर असते. कारभार पुढच्या पिढीकडे सोपवल्यावर म्हातारे आईवडील तेथे राहायला जातात. जुन्या रूढीप्रमाणे शेताचे तुकडे न पाडता ते अखंड धाकट्या मुलाकडे जाई. शेत टिकले, पण त्याची किंमत थोरल्या भावंडांनी मोजली. कोणी दुसऱ्याच्या शेतावर गडी झाला, कोणी कारागीर, तर कोणी परदेशी गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मोठे चीज उन्हाळी डोंगरकुरणांवरच होत असे. 1815 मध्ये आरे नदीच्या खोऱ्यातील किझेन येथे सखल भागातील चीजशाळा सुरू झाली. पाठोपाठ गावोगावी अशा शाळा निघाल्या आणि दूध हे रोजचे, वर्षभराचे उत्पन्न झाले. एमेन्टालर चीजचे एक चाक 75 ते 120 किलोचे असते. एक किलो चीजसाठी सुमारे 12 लिटर कच्चे दूध लागते आणि ते किमान 120 दिवस मुरवावे लागते. गायींना मुरघास घालण्यास सक्त मनाई आहे. त्यातील जिवाणूंमुळे मुरताना चीज फुगून बिघडते. म्हणून गवत कापून वाळवण्याचे ते थोडे कोरडे दिवस वर्षाचा हिशेब ठरवतात. चीजमधील सुप्रसिद्ध भोकांशीही वाळल्या गवताचा संबंध आहे. वायू जिवाणू निर्माण करतात हे खरे, पण तो साठायला दुधात पडलेले गवताचे सूक्ष्म कण जागा देतात, असे स्विस संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिले. बंद नळ्यांतून स्वच्छ दूध येऊ लागल्यावर भोके कमी होऊ लागली होती!

खरी अडचण नावाची आहे. स्वित्झर्लंडमध्ये 2006 पासून या नावाला उगमस्थानाचे संरक्षण आहे; बाहेर मात्र फ्रान्स, जर्मनीसह अनेक देशांत ‘एमेन्टालर’ सर्रास बनते. 2023 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने या नावाला व्यापारचिन्ह म्हणून मान्यता नाकारली; जर्मन ग्राहकाला हा शब्द चीजचा प्रकार सांगतो, गाव नव्हे, असा त्याचा निष्कर्ष होता. स्विस चाकाच्या सालीवर आजही मध्यापासून कडेपर्यंत लाल अक्षरांत देशाचे नाव छापलेले असते, आणि सोबत चीजशाळेचा क्रमांक.