बांबू कोरीवकाम, चिनी
बांबू कोरीवकाम, चिनी : चिनी विद्वानांच्या लेखनसामग्रीशी निगडित असलेली लघुशिल्पकला. कुंचले ठेवण्याची नळकांडी व मनगट टेकण्याच्या पट्ट्या या तिच्या प्रमुख वस्तू. चिनी लेखन उजवीकडून डावीकडे उभ्या ओळींत होई. ओली शाई पुसली जाऊ नये म्हणून अशी पट्टी वापरीत. मिंग काळात (१३६८–१६४४) शांघायजवळील ज्याडिंग येथे जू सुंगलिन, त्याचा मुलगा श्याओसुंग व नातू सानसुंग यांनी खोल उत्थित कोरीवकामाची परंपरा घडविली. दुसऱ्या एका पद्धतीत बांबूची हिरवी साल आकृतीपुरती राखून पार्श्वभूमी तासली जाई. कालांतराने साल फिकट पिवळी व गाभा तांबूस होऊन आकृती अधिक उठून दिसे.

हस्तिदंत वा जेड यांप्रमाणे बांबू मौल्यवान नाही. त्यामुळे वस्तूचे मोल कोरणाऱ्याच्या हातावर व व्यासंगावर ठरे. म्हणूनच कारागीर त्यांवर स्वतःचे नाव कोरीत आणि जिन युआनयू याने १८०७ मध्ये ज्याडिंगच्या कलावंतांची चरित्रे ग्रथित केली. मात्र जू घराण्याच्या नावाने पुढे पुष्कळ नकला झाल्या. त्यामुळे बाओशान येथील मिंगकालीन थडग्यात १९६६ मध्ये सापडलेली श्याओसुंगची नामांकित धूपनळी अभ्यासकांना विश्वसनीय पुरावा ठरली.