रानड्यांचा निबंध आणि रमाबाईंचे भाषण

निफाडचे नाव काढले की आजच्या वाचकाला द्राक्षे आठवतात आणि हिवाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येणारा तेथल्या थंडीचा आकडा आठवतो. त्याच निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे जन्मले. न्यायमूर्ती, सुधारक, अर्थशास्त्रज्ञ म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हा मास्तरांना मात्र, ज्यांचा निम्मा जन्म मुलांचे निबंध तपासण्यात जातो, त्यांची आणखी एक ओळख जवळची वाटते. ती म्हणजे लिहायला शिकलेल्या आणि लिहायला शिकवणाऱ्या माणसाची.

कोल्हापुरात प्राथमिक धडे घेऊन रानडे १८५६ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत आले. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठ निघाले. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत ते उत्तीर्ण झाले, आणि १८६२ मध्ये विद्यापीठाचे जे पहिले चार बी. ए. झाले त्यांत रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे ही नावे आहेत. वाचनाचा हव्यास इतका की डोळे कायमचे अधू झाले.

त्या वेळी कॉलेजात सर अलेक्झांडर ग्रँट हे प्राध्यापक होते. ऑक्सफर्डचे विद्वान, ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक. ऑक्सफर्डची रीत अशी की विद्यार्थ्याने निबंध लिहावा, तो ट्यूटरपुढे वाचावा आणि ट्यूटरने त्यातल्या विधानाविधानाला आधार मागावा. नुसत्या व्याख्यानाने जे होत नाही ते या झाडाझडतीने होते. अशा गुरूच्या हाती रानड्यांचा एक निबंध पडला. त्यात इंग्रजी राज्याची मराठ्यांच्या राज्याशी तुलना होती, आणि माप मराठ्यांच्या पारड्यात पडले होते. ग्रँटसाहेबांनी समज दिली की ज्या सरकारच्या पैशावर तू शिकतोस त्याचीच निंदा करणे बरे नव्हे. आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली. रानड्यांच्या चरित्रात ही हकीगत हमखास येते.

आता यात ग्रँटचे काय चुकले? भाषा सुधारणे हा शिक्षकाचा हक्क. मत सुधारणे हा नव्हे. लाल शाई व्याकरणापाशी थांबली पाहिजे. पण गंमत अशी की रानड्यांच्या मनात या गुरूविषयी अढी राहिली नाही. त्यांचा आदर त्यांनी कायम ठेवला. विषय मात्र सोडला नाही! १९०० मध्ये मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. शिष्यवृत्ती घालवणाऱ्या त्या निबंधाचे बीज चाळीस वर्षे जमिनीत टिकले म्हणायचे.

विद्यार्थिदशेतच कॉलेजात फेलो म्हणून खालच्या वर्गांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले. १८६२ पासून ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी बाजूचे संपादन त्यांनी केले. १८६६ मध्ये सरकारच्या मराठी भाषांतरकाराच्या जागेवर काही काळ बसले. मध्यंतरी अक्कलकोट आणि कोल्हापूर येथे कारभार व न्यायदान झाले, आणि १८६८ मध्ये त्याच एल्फिन्स्टन कॉलेजात ते इंग्रजीचे प्राध्यापक होऊन परतले. ज्या वास्तूत निबंधाबद्दल दंड झाला तेथेच दुसऱ्यांचे निबंध तपासायला! १८७१ पर्यंत हे काम चालले; मग न्यायखात्याने त्यांना पुण्यास नेले.

मुंबई विद्यापीठाने सुरुवातीस देशी भाषांना परीक्षांत जागा दिली होती, पण १८६० नंतरच्या दशकात वरच्या परीक्षांतून मराठीची उचलबांगडी झाली. पदवीधराने इंग्रजी सफाईने लिहावे, आणि आईला पत्र लिहिताना अडखळावे! रानड्यांनी सेनेटमध्ये यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. एम. ए. ला मराठीचा प्रवेश झाला तो १९०१ मध्ये, रानडे वारले त्याच साली.

परंतु त्यांची सर्वांत मोठी विद्यार्थिनी कोणत्याच विद्यापीठात गेली नव्हती. १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी दुसरे लग्न केले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्याने अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करावे, यावर लोकांनी बोट ठेवले, आणि ते ठेवण्यासारखेच होते. ती मुलगी, रमाबाई, अक्षरओळखीवाचून आली होती. रानड्यांनी तिला पाटीवर अक्षरे गिरवण्यापासून शिकवले. मराठी झाल्यावर इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायका टोमणे मारीत, बोलणे टाकीत. दिवसा त्यांचे ऐकायचे आणि रात्री धडा घ्यायचा, अशी तिची शाळा होती. आमच्या शाळेतल्या मुली अभ्यासाला जागा नाही म्हणून कुरकुरतात तेव्हा मी त्यांना हे सांगतो.

१८७८ मध्ये रानड्यांची बदली आमच्या नाशकास झाली. येथील हायस्कुलातल्या समारंभात रमाबाईंनी पहिले जाहीर भाषण केले. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. भाषण रानड्यांनी लिहून दिले होते. दुसऱ्याने लिहिलेले वाचणे म्हणजे काय भाषण, असे कोणी म्हणेल. पण ज्या काळी बाईने परपुरुषांपुढे तोंड उघडणे म्हणजे गावभर चर्चा, त्या काळी हातात कागद असणे ही केवढी सोय!

पुढे कागद त्यांनी स्वतःच लिहिले. १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाची धुरा त्यांनी घेतली, आणि १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक निघाले. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. त्यात ती पाटी आहे, ते टोमणे आहेत, नाशिकचे दिवसही आहेत. पण या खेपेला मजकूर तपासायला रानडे नव्हते.