शर्यतीचा रंग, कुर्ल्याची मोटार

वडगाव निंबाळकरहून बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात शिरले, की कळंबजवळ वालचंदनगर लागते. उसाच्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या या उद्योगनगरीचे इटलीतील मोटार-शर्यतींशी नाते आहे असे म्हटले, तर ती ओढाताण वाटेल. परंतु ते नाते आहे. आणि ते एका लहानशा इंजिनातून जाते.

१९३७ साली फियाटने '५०८ सी' ही छोटी मोटार बाजारात आणली. दान्ते जियाकोसा या अभियंत्याच्या हातून घडलेले तिचे इंजिन अवघे १०८९ घनसेंटिमीटरचे होते. पुढल्याच वर्षी याच जातीच्या, शर्यतीसाठी निमुळते अंग दिलेल्या मोटारीने पिएरो तारुफीच्या हाती 'मिल्ले मिलिया' या सुमारे हजार मैलांच्या शर्यतीत आपला गट जिंकला. युद्धानंतर १९४६ मध्ये चिसितालियाच्या एकआसनी शर्यती-मोटारीतही हेच इंजिन बसले. तुरीनच्या पहिल्याच शर्यतीत नुवोलारीचे सुकाणूचक्र निखळले आणि त्याने ते हातात धरून हलवून दाखवले, ही कथा त्याच मोटारीची.

१९५३ साली आलेल्या 'फियाट ११००'मध्ये तेच १०८९ घनसेंटिमीटरचे माप कायम राहिले. ही मोटार मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होऊ लागली, आणि नावे बदलत बदलत तीच 'पद्मिनी' झाली. प्रीमियरची स्थापना १९४४ ची. संस्थापक वालचंद हिराचंद, ज्यांच्या नावे आपल्या शेजारचे वालचंदनगर वसले. सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने युद्धकाळातच मोटार-कारखान्यासाठी अमेरिकन कंपन्यांशी बोलणी केली होती. तत्कालीन सरकारने त्यांस साथ दिली नाही. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. पद्मिनीचे युग त्यांनी पाहिले नाही.

आज हौशी लोक अशा जुन्या फियाट दुरुस्त करून त्यांस शर्यतीचा साज चढवतात. बंपर काढतात, दारावर पांढरे वर्तुळ रंगवून त्यात क्रमांक घालतात, बॉनेटला चामडी पट्टे बांधतात. ही मोटार स्वतः कधी शर्यतीत धावलेली नसते. ती धावलेल्या मोटारींना केलेले वंदन असते. यात खोटेपणा आहे काय?

साहित्याच्या अभ्यासकांस हा प्रश्न अपरिचित नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत पुढे कोणी पदरची ओवी घालू नये अशी ताकीद दिली. पाठशुद्धी हे एक काम. पूर्वसूरींच्या वळणाने स्वतंत्र रचना करणे हे दुसरे. दोन्ही आदरणीय आहेत. दोष येतो तो दुसरे काम पहिल्याच्या नावावर खपवले जाते तेव्हा. त्यास आपण प्रक्षेप म्हणतो. वंदनाची मोटार 'मी वंदन आहे' असे सांगत असेल, तर ती प्रक्षेप ठरत नाही.

आम्हांस खटकते ते वेगळेच. हा साज चढवताना पुष्कळदा पुढल्या जाळीवरील 'प्रीमियर'चे चिन्ह उतरते आणि तेथे 'फियाट' झळकते. इटलीचा विजय उजळतो, कुर्ल्याचा कामगार पुसला जातो. वस्तुतः या मोटारीस उसन्या पराक्रमाची गरज नाही. मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर, ज्या फियाट आपल्या रस्त्यांवर दिसत त्याच जातीच्या सुधारित मोटारी अनेक वर्षे शर्यती धावल्या. आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला ज्या गर्दीतून, ज्या पावसातून चालवले, ती काही कमी कसोटी नव्हे. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस वयोमर्यादेमुळे सेवेतून गेली.

तेव्हा वर्तुळ रंगवावे, क्रमांकही घालावा. मिल्ले मिलियाचे स्मरण या इंजिनाच्या वंशावळीत बसते, ते परके नाही. मात्र कुर्ल्याचे चिन्ह जागच्या जागी राहू द्यावे. ज्याची प्रत हाती आहे त्या लेखनिकाचे नाव खोडून मूळ ग्रंथकर्त्याचा गौरव होत नसतो, हे आपण पोथ्या हाताळणाऱ्यांनी तरी सांगितले पाहिजे.