सेलूची कथा आणि शिर्डीचे मौन

ज्या पुरुषाचे नाव लक्षावधी मुखांत आहे, त्याने आपले कूळ, जात व जन्मगाव यांविषयी आयुष्यभर मौन पाळावे आणि लोकांनी ती उणीव तर्काने भरून काढावी, हा प्रकार शिर्डीच्या साईबाबांच्या बाबतीत जितका घडला, तितका अर्वाचीन महाराष्ट्रात क्वचितच घडला असेल. कोणी त्यांना ब्राह्मण म्हणे, कोणी मुसलमान फकीर. धुळ्याच्या एका चोरीच्या खटल्यात जबानी घेण्यास कमिशन शिर्डीस आले, तेव्हाही त्यांनी वय लाखो वर्षांचे, बापाचे नाव साईबाबा व गुरूचे नाव वेंकूशा सांगितले, असे चरित्रकार नोंदवतात.

या वेंकूशाला गाव आणि घराणे मिळवून दिले ते दासगणूंनी. दासगणू म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, मूळचे पोलीस खात्यातील शिपाई; पुढे कीर्तनकार झाले आणि बाबांच्या सांगण्यावरून अंगरखा, उपरणे, पागोटे उतरवून, उघड्या अंगाने, गळ्यात हार व हाती चिपळ्या घेऊन उभे राहू लागले. ठाण्याच्या कौपीनेश्वराच्या देवळातले त्यांचे कीर्तन ऐकून चोळकर नावाच्या गरीब उमेदवाराने, नोकरी कायम झाल्यास शिर्डीस खडीसाखर वाटीन, असा नवस केला आणि तो फेडण्याची ऐपत येईपर्यंत बिनसाखरेचा चहा घेतला. बाबांची कीर्ती मुंबई इलाख्यात अशा कीर्तनांनीच पसरली.

याच दासगणूंनी ‘भक्तलीलामृता’त वेंकूशा म्हणजे सेलूचे गोपाळराव देशमुख, तिरुपतीच्या व्यंकटेशाचे निस्सीम भक्त, असे लिहिले. कथा अशी, की एका फकिराचा पोरका मुलगा गोपाळरावांपाशी राहिला. त्याच्यावरील कृपा न साहून मत्सरग्रस्तांनी विटा भिरकावल्या. त्यांतली एक गोपाळरावांना लागली आणि तीच त्यांनी शिष्यास प्रसाद म्हणून दिली. बाबा उशाशी वीट घेऊन निजत, ती १९१८ साली त्यांच्या निर्वाणापूर्वी थोडेच दिवस भंगली; ती वीट ज्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, त्यांना सेलूच्या कथेसाठी निराळा पुरावा कशाला हवा होता? बाबांच्या कुळाविषयीच्या वावड्यांचे खंडन करीत न बसता त्यांच्याहून उदात्त कथा उभी करणे, ही दासगणूंची हातोटी मला थोर वाटते.

परंतु इतिहासाची मागणी वेगळी असते. १९७०च्या दशकात विश्वास खेर यांनी सेलू येथे आणि बाबांचे जन्मस्थान म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पाथरीत शोध घेतला, आणि गोपाळरावांचा काळ बाबांच्या कितीतरी आधीचा ठरत असल्याने गुरुशिष्यांची प्रत्यक्ष भेट संभवत नाही, असे अभ्यासकांना मानावे लागले. गोपाळरावांचे चरित्र आता बाबांचा आधार न घेता, सेलूच्याच कोणा अभ्यासकाने लिहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सेलूपासून काही मैलांवर असलेल्या याच पाथरीस जन्मस्थानाचा मान देणारा उच्चार जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी विकासनिधीच्या घोषणेत केला, तेव्हा शिर्डीने बंद पुकारला. पुढे बंद मिटला आणि तो उच्चार मागे घेण्याचेही ठरले, पाथरीकरांनी मात्र आपला दावा सोडला नाही.