अल् बिरूनींचा तराजू आणि दख्खनच्या गारगोट्या

पाचूकडे नजर गेली की सापाचे डोळे फुटतात, अशी एक समजूत मध्ययुगातल्या जवाहिऱ्यांत पक्की होती. ग्रंथांतही ती लिहिली जाई आणि लिहिलेली म्हणून खरी मानली जाई. अबू रैहान अल् बिरूनी यांनी ती पारखून पाहायचे ठरवले. त्यांनी सापाला पाचूची माळ घातली, त्याच्या टोपलीत पाचू अंथरले, त्याच्या डोळ्यांपुढे पाचूचा सर हलवून पाहिला. उन्हाळा-हिवाळा धरून नऊ महिने हे चालले. सापाचे डोळे शाबूत राहिले. झालाच असेल तर त्याची नजर अधिक तीक्ष्ण झाली असेल, असा मिस्कील शेरा मारून बिरूनींनी तो विषय संपवला.

ही हकीकत त्यांच्या ‘किताब-उल-जमाहिर फी मारिफत-इल-जवाहिर’ या ग्रंथात आहे. बिरूनींचा जन्म ९७३ सालचा, ख्वारिज्ममधील काथ या गावचा. १०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकले आणि तिथल्या विद्वानांबरोबर बिरूनींनाही गझनीला नेले. आपण त्यांना ओळखतो ते ‘किताब-उल-हिंद’चे कर्ते म्हणून. रत्नांवरचा हा ग्रंथ त्यांनी उतारवयात, महमूदचा नातू सुलतान मौदूद याच्या कारकिर्दीत लिहिला.

गझनीचा खजिना म्हणजे त्या काळातला जगातील मोठ्या रत्नसंग्रहांपैकी एक. त्यात व्यापारातून आलेले होते, नजराण्यांतून आलेले होते आणि लुटीतून आलेलेही होते. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. खुद्द बिरूनींनीच ‘किताब-उल-हिंद’मध्ये महमूदच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त केल्याचे स्पष्ट लिहिले आहे. ‘जमाहिर’च्या प्रस्तावनेतही ते संपत्ती कोंडून ठेवणाऱ्यांवर टीका करतात. सुलतानाच्या आश्रयाने राहून सुलतानासाठी रत्नांवर ग्रंथ लिहायचा आणि त्यातच साठेबाजीचा समाचार घ्यायचा, हे धाडस लहान नव्हे.

पण या ग्रंथाचे खरे मोल त्याच्या पद्धतीत आहे. रत्न सापडते कुठे, ते कोणत्या वाटेने बाजारात येते, जवाहिरे त्याबद्दल काय सांगतात, त्याची नक्कल कशी करतात, हे बिरूनी एकेका रत्नाबद्दल नोंदवतात. ऐकीव माहिती असेल तर ती ऐकीव आहे असे सांगतात. धातू आणि रत्ने यांच्या तुलनात्मक वजनांवर त्यांनी याआधीच एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. त्यासाठी त्यांनी शंकूच्या आकाराचे एक भांडे तयार केले होते. भांड्याच्या मानेला बाकदार नळी. भांडे पाण्याने काठोकाठ भरायचे आणि त्यात खडा सोडायचा. नळीवाटे बाहेर पडलेले पाणी तराजूत तोलले की खड्याने किती जागा व्यापली ते कळते. खडा फोडायला नको, घासायला नको. निळा याकूत, म्हणजे आपला नीलम, शंभर धरून इतर रत्नांचे वजन त्यांनी त्या प्रमाणात मांडले.

या तराजूचा उपयोग काय झाला ते एका उदाहरणाने सांगतो. बदख्शानचा लाल आणि याकूत, म्हणजे माणिक, दोन्ही तांबडे. नवशिक्याला फरक कळत नाही. लाल हा याकूतपेक्षा हलका आणि मऊ, हे बिरूनींना ठाऊक होते; म्हणून त्यांनी त्याचा वेगळा विचार केला. युरोपात मात्र या दोन खड्यांची गफलत अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिली. इंग्लंडच्या राजमुकुटातला ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ प्रत्यक्षात माणिक नसून लालच आहे. नाव तेवढे जुनेच चिकटून राहिले.

बिरूनींच्या दुनियेतले शब्द आज आपल्या मराठीत इतके रुळले आहेत की ते परके वाटत नाहीत. जवाहीर, अकीक, याकूत, पिरोजा हे त्यातलेच. आपण ‘बिलोरी आरसा’ म्हणतो, त्यातले बिलोरी अरबी-फारसी ‘बिल्लौर’वरून आले. बिल्लौर म्हणजे स्वच्छ स्फटिक. या शब्दाचे मूळ आपल्याकडच्या ‘वैडूर्य’ शब्दात असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे शब्द इथून गेला, दुनिया फिरला आणि परत आला. आणि संग्राहक ज्याला जपतात तो ‘नमुना’ हा शब्दही फारसीच.

यातल्या अकीकाचा आणि आपल्या जमिनीचा संबंध जवळचा आहे. गुजरातेत भरूच जिल्ह्यात रतनपूर गावाजवळ टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे. बाबा घोर हबश देशातून आले आणि अकीकाच्या धंद्याला त्यांनी बरकत आणली, अशी परंपरा सांगते. सिद्दी समाजाची त्यांच्यावर श्रद्धा आहे आणि अकीकाचे कारागीरही त्यांना आपले पीर मानत आले. रतनपूरचा खडा खाणीतून निघतो तेव्हा लाल नसतोच. तो उन्हात वाळवतात, मडक्यात घालून गोवऱ्यांच्या आचेत भाजतात. मग त्यातल्या लोहाचा रंग बदलून तो तांबडा होतो. खंबायतच्या बंदरातून हा अकीक अरबस्तानात आणि पूर्व आफ्रिकेत जात असे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोसा याने याच भागातल्या लिमोदऱ्याच्या अकीकाची नोंद केली आहे. अकीक घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन खंबायतच्या कारागिरांना सिलिकोसिस जडतो, हेही विसाव्या शतकातल्या तपासण्यांतून पुढे आले. अंगठीतल्या खड्याकडे पाहताना हेही लक्षात ठेवले पाहिजे.

हा अकीक मुळात दख्खनच्या काळ्या पाषाणातून सुटलेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले. रस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे गरम पाणी या पोकळ्यांत झिरपत राहिले आणि त्यातून स्फटिक वाढले. कुठे अकीक, कुठे गारगोटी, कुठे पिसाऱ्यासारखा स्टिल्बाइट, कुठे सुयांच्या झुबक्यांसारखा स्कोलेसाइट, कुठे काचेसारखा अपोफिलाइट. अपोफिलाइटमध्ये थोडेसे व्हॅनेडियम मिसळले की तो हिरवा होतो. बाहेरून दगड ओबडधोबड. फोडला की आत अशी आरास.

या आराशीचा दरवाजा मोठ्या प्रमाणावर उघडला तो रेल्वेने. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. २५ बोगदे खोदले गेले. ऐन भरात, १८६१ च्या सुमारास, ४० हजारांहून अधिक मजूर कामावर होते. रोगराईने आणि अपघातांनी माणसे मरत होती. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यानंतर थोड्याच काळात वारला आणि काम त्याच्या पत्नीने, ॲलिसने, पुढे चालवले. सुरुंगांनी फुटलेल्या त्या कड्यांतून निघालेले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट युरोपातल्या संग्रहांत पोहोचले. तिथे त्यांच्याबरोबर एक लहानशी चिठ्ठी असे: खनिजाचे नाव, ठिकाण, देणाऱ्याचे नाव.

ही चिठ्ठी म्हणजे नमुन्याचा अर्धा प्राण. स्फटिक कितीही देखणा असला तरी तो कुठला हे माहीत नसेल, तर अभ्यासकाच्या दृष्टीने तो मुका होतो. बिरूनींनी जे ग्रंथात केले तेच ही चिठ्ठी थोडक्यात करते. पण तिच्यात एक जागा कायम कोरी राहिली. ठेकेदाराचे नाव इतिहासाने राखले, त्याच्या पत्नीचेही राखले. ज्याच्या घणाखाली ती पोकळी पहिल्यांदा उघडली, त्याचे नाव कुठेच नाही.

हे आजही फारसे बदललेले नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत कॅव्हान्साइटचे गर्द निळे गोळे सापडले. हे खनिज १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून प्रथम वर्णिले गेले होते. पण जगभरच्या संग्राहकांना त्याचे वेड लागले ते वाघोलीमुळे. १९५५ पासून भरत आलेल्या अमेरिकेतल्या टक्सन इथल्या खनिजांच्या बाजारात महाराष्ट्राचे स्फटिक मानाने मांडले जातात. अशा अनेक नमुन्यांच्या चिठ्ठीवर नुसते ‘पूना’, ‘नासिक’ किंवा ‘जळगाव’ असते. माल ज्या शहरातून विकला गेला, त्याचेच नाव बऱ्याचदा खाणीचे नाव होऊन बसते. खडी फोडणारा वडार, विहीर खोदणारा मजूर, त्याचे गाव, त्याची खाण, सगळे गळून जाते.

सिन्नरला २००१ मध्ये ‘गारगोटी’ संग्रहालय उभे राहिले. इथले दगड इथल्याच मुलांना पाहता येऊ लागले, ही मोठी गोष्ट झाली. पण प्रत्येक गावात संग्रहालय होणार नाही. वही मात्र प्रत्येक घरात असते. आपल्या शेतात विहिरीचे काम निघाले आणि दगडाच्या पोकळीत काही चमकले, तर दगड विकण्याआधी चार ओळी लिहाव्यात: गाव कोणते, तारीख काय, किती हातांवर सापडला आणि पहार कोणाच्या हातात होती. नऊ महिने सापाजवळ बसायची गरज नाही. पाच मिनिटे पुरतात. आणि ती कोरी जागा भरते.