फिकट प्रतीचा इतिहास

१/ कार्यालयातील बहुकार्यी यंत्रातून फिकट झेरॉक्स निघाली की पहिला संशय टोनरवर घेतला जातो. परंतु ठळक प्रत मिळवणे हा प्रश्न या तंत्राच्या जन्मापासूनचा आहे आणि तो सुटण्यास दोन दशके लागली.

२/ चेस्टर कार्लसन न्यूयॉर्कमधील एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करीत. दस्तऐवजांच्या प्रती हाताने वा टंकयंत्रावर उतरवणे किंवा खर्चिक छायाचित्रण करणे, एवढेच मार्ग होते. संधिवाताने त्रस्त असलेल्या कार्लसन यांना नक्कल हे कष्टाचेच काम होते.

३/ २२ ऑक्टोबर १९३८. ॲस्टोरिया येथील लहानशा खोलीत त्यांनी व सहकारी ओटो कोर्नाई यांनी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून विद्युत्भारित केला. अक्षरे लिहिलेली काच त्यावर ठेवून प्रखर दिवा लावला. प्रकाश पडला तेथील भार ओसरला. अक्षरांच्या सावलीतील भार टिकला. त्यावर चिकटलेली वनस्पतीची भुकटी मेणकागदावर उतरली. तारीख व स्थळ वाचता आले.

४/ वाचता आले, इतकेच. गंधकाची प्रकाशसंवेदना क्षीण होती. कोर्नाई निराश होऊन दुसऱ्या नोकरीस गेले. आयबीएम, कोडॅक यांसह वीसहून अधिक कंपन्यांनी या शोधात रस दाखवला नाही.

५/ १९४४ मध्ये ओहायोतील बॅटेल संस्थेने हे काम हाती घेतले. तेथे गंधकाची जागा सेलेनियमने घेतली. घासण्याऐवजी उच्च दाबाच्या तारेने समान भार देण्याची पद्धत आली. पुढे रॉचेस्टरची हॅलॉइड कंपनी सहभागी झाली. हीच नंतर झेरॉक्स म्हणून प्रसिद्धीस आली.

६/ तरीही एक दोष उरला. अक्षरे ठळक उमटत, पण मोठे काळे भाग मध्यभागी फिकट राहत. विद्युत्क्षेत्र कडांपाशी तीव्र व मध्ये दुर्बळ असल्याने भुकटी कडांनाच चिकटे. पृष्ठभागाजवळ विद्युतअग्र ठेवून हा दोष कमी करण्यात आला. १९५९ मध्ये ९१४ हे यंत्र आले. साध्या कागदावर मिनिटाला सुमारे ७ प्रती.

७/ आजच्या यंत्रात सेलेनियमऐवजी सेंद्रिय लेपाचा ड्रम असतो; क्रम मात्र तोच: भार, प्रकाश, भुकटी, कागद, उष्णता. म्हणून फिकटपणाचे मूळही याच साखळीत शोधावे. संगणकावरून दिलेले मुद्रण ठळक आणि प्रतच फिकट असेल, तर दोष काच, स्कॅनर किंवा प्रतीच्या घनतेच्या मांडणीत आहे. दोन्ही फिकट असतील, तर टोनर, टोनर-बचतीची मांडणी, झिजलेला ड्रम, भार देणारा भाग वा भुकटी कागदावर उतरवणारा रोलर तपासावा. पावसाळ्यात दमट कागद भार नीट धरत नाही, त्यामुळेही भुकटी कमी उतरते. कोरडे बंडल घालून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

८/ मराठीत 'झेरॉक्स काढणे' हा क्रियापदासारखा रूढ प्रयोग आहे. गल्लीतील दुकानाच्या पाटीवरील त्या शब्दामागे ॲस्टोरियातील त्या अंधुक अक्षरांना ठळक करण्यासाठी झटलेल्या माणसांची वीस वर्षे उभी आहेत.