जनगणनेत आपली संख्या आहे, पण नावं कुठे आहेत?

वढू बुद्रुकचा विषय निघाला की आपल्याला एकच गोष्ट ऐकवली जाते, "पुरावा दाखवा." डिसेंबर 2017च्या अखेरीस गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून तिथे वाद पेटला आणि 1 जानेवारी 2018ला भीमा कोरेगावला अभिवादनासाठी आलेल्या अनुयायांवर हल्ले झाले. पुरावा मागणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. गावात लेखणी कुलकर्ण्याच्या हाती होती. सांगावा पोहोचवणं, सारा वाहून नेणं, शिवेच्या तंट्यात हद्द दाखवणं ही महाराची कामं. गावाची शीव ज्याला तोंडपाठ होती, त्याचं नाव दफ्तरात येईल याची हमी कोणी दिली होती?

म्हणून कागद नाकारायचे का? अजिबात नाही. ते कसे वाचायचे, ते शिकायचं.

अनेक तरुणांना वाटतं की इंग्रजांच्या जनगणनेत आपल्या खापरपणजोबांचं नाव सापडेल. 1872 ते 1931 या काळातले जनगणनेचे जाडजूड खंड आज उपलब्ध आहेत. त्यात पुणे जिल्ह्यात महार किती, मांग किती, चांभार किती, हे सापडतं. माणसाचं नाव सापडत नाही. छापलेले ते फक्त तक्ते. स्वतंत्र भारताच्या 1948च्या जनगणना कायद्यानं तर घरोघरची माहिती गोपनीयच ठरवली.

अमेरिकेत 72 वर्षांनी जनगणनेची मूळ पानं खुली होतात. पण तिथल्या काळ्या माणसांचं दुःख आपल्यासारखंच आहे. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे. गुलामाचं फक्त वय, लिंग आणि रंग. मुक्तीनंतर 1870 साली बहुतेक कुटुंबांची नावं पहिल्यांदा जनगणनेत उमटली. त्याआधीचा शोध त्यांना मालकाच्या कागदांतून घ्यावा लागतो. आपल्यालाही व्यवस्थेच्याच कागदांत आपली माणसं शोधायची आहेत.

ती तिथे आहेत. कोरेगावच्या विजयस्तंभावर 'नाक' प्रत्ययाची 22 नावं कोरलेली आहेत. जुन्या कागदांत बहुधा आडनाव नसतं, नाव, बापाचं नाव आणि पुढे 'महार' एवढंच असतं. म्हणून आजचं आडनाव घेऊन शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. आजा-पणज्यांची मूळ नावं आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्या. आज्यांना आधी विचारा, नाती त्यांनाच जास्त ठाऊक असतात.

मग पुढचे कागद. शाळेचं जनरल रजिस्टर. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी. जुने सातबारे आणि फेरफार. यातलं बरंच मोडीत आहे, तेव्हा मोडी शिकणं हेही चळवळीचं काम समजा.

सगळ्यात श्रीमंत खजिना महार वतनाच्या कागदांचा. वतन साऱ्या भावकीचं असे. म्हणून वारस लावताना भाऊ, पुतणे, मुलं अशी नावांची रांगच लागते. ज्या वतनानं आपल्याला राबवलं, बाबासाहेबांनी 1928 पासून ज्याविरुद्ध विधिमंडळात लढा दिला, त्याच वतनानं आपली वंशावळ जपून ठेवली! 1958च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं संपली. फेरप्रदान झालेल्या जमिनी नवीन शर्तीवर आल्या, सरकारी परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. 2025 मध्ये पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे 40 एकर महार वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. ज्याच्याकडे आजोबांच्या नावाचा उतारा नाही, तो आपल्या जमिनीसाठी भांडणार कशाच्या जोरावर?

जात पडताळणीतही हेच. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. तो ऐन प्रवेशाच्या आठवड्यात शोधायला निघालं की दलालाचं फावतं.

संख्येचंही मोल कमी नाही. 1951 साली महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. 1961 मध्ये ते 27 लाख 89 हजारांवर गेले. दीक्षाभूमीवर जे घडलं, ते आपल्या लोकांनी प्रगणकासमोर निर्भयपणे सांगितलं, म्हणून सरकारी तक्त्यात आलं. 1990च्या दुरुस्तीनंतर धर्म बौद्ध लिहिल्यानं अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. आता येणाऱ्या जनगणनेत 1931 नंतर प्रथमच सर्व जातींची मोजणी होणार आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित यादीतली आपली जात नीट लिहून घ्या. चुकीची नोंद पुढच्या पिढीला पुसता येत नाही.

1 जानेवारीला स्तंभाला मानवंदना द्यायला आपण लाखोंनी जातो. यंदा तिथून परतल्यावर प्रत्येकानं एक नक्कल अर्ज करावा, आपल्या गावच्या कोतवाल बुकाचा किंवा जुन्या फेरफाराचा. पुढच्या वेळी कोणी पुरावा मागितला, तर तो आपल्या फाईलमध्ये असला पाहिजे.

जय भीम!